कोणाचं काही राहिलंय का?

१

दुपारचा चहा आमच्याकडे साडेतीनला. लेकीचं पाळणाघर होतं तेव्हापासूनची ही वेळ. पोरं निजलेली असायची, आणि आम्हा तिघींना तेवढाच काय तो निवांतपणा. तिघी म्हणजे मी, माझी लेक आणि तिची मुलगी. जावई नात रांगत होती तेव्हाच निघून गेले, त्यांची आठवण काढायला कोणाला सवड झाली नाही.

नातीला आम्ही खारू म्हणतो. लहानपणी घास गिळायची नाही, गालात धरून ठेवायची, खारीसारखी. संध्याकाळी तोंड धुवायला न्यावं तर दुपारचा घास बाहेर यायचा.

खारू घरूनच काम करते. मधल्या खोलीत टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. बसमध्ये कंडक्टरच्या हातात तिकिटाचं यंत्र असतं ना, त्याच्या आतली अक्कल ही लोकं लिहितात. "अक्कल लिहून देता येते होय गं?" लेक म्हणायची. "मग तुझ्या मामाला पाठव थोडी. पत्ता मी देते."

आता ही अक्कल रोज वाढते. दहा जण दहा ठिकाणांहून तिच्यात काहीबाही घालत असतात. रोजचं रोज बसमध्ये पाठवलं तर कंडक्टरला वेड लागेल. म्हणून एक आड एक बुधवारी, त्या घटकेला जेवढं असेल तेवढं कापून बाजूला ठेवायचं. त्याला ते ब्रांच म्हणतात. कापून ठेवलेल्यात नवीन घालायचं नाही, तपासायचं, चुकलेलं नीट करायचं, आणि तेच यंत्रांत धाडायचं. ज्याचं काम कापायच्या आधी आत गेलं त्याचं गेलं. ज्याचं राहिलं त्याने पुढच्या बुधवारची वाट बघायची.

"म्हणजे बससारखंच की," मी म्हटलं. "सुटली की सुटली."

"अगदी तस्संच, आजी."

२

पूर्वी हे कापायचं काम माणसं करायची, पाळीपाळीने. ज्याची पाळी त्याने ऑफिसच्या हॉलमध्ये उभं राहून ओरडायचं, "कापतोय हं, कोणाचं काही राहिलंय का?" कोणी "थांब" म्हणालं की थांबायचं. अशी त्यांची रीत. एकदा त्यांच्यातल्या चष्मेवाल्याची पाळी होती आणि तो सर्दीने बेजार. त्याने भलतंच कापलं, आणि अख्खं शहर दिवसभर अर्ध्या तिकिटात फिरलं. लोक खूश, ऑफिसात रडारड. तेव्हा खारूने ठरवलं की हे माणसाच्या हातात ठेवायचंच नाही. तिने यंत्रालाच वेळापत्रक लावून दिलं. बुधवार आला, साडेतीन झाले, की आपोआप कापलं जाणार.

पहिल्या खेपेला बिनबोभाट कापलं गेलं आणि निम्म्या ऑफिसने बोंब मारली. हाक नाही, काही नाही, आमचं राहिलं! मग हाक घालायची ठरली. पण कोणाची?

संध्याकाळी पाळणाघर सुटताना लेक दारात उभी राहून ओरडायची, "चला रे, कोणाचं काही राहिलंय का?" बाटली, मोजा, एकच चप्पल, काहीतरी राहिलेलंच असायचं. आवाज म्हणजे भोंगा. चौथ्या मजल्यावरून ओरडली की खाली उभी असलेली आई पर्स चाचपायची.

खारू फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. लेक ओट्याशी भाजी चिरत होती, बाहेरच्या खोलीत पोरांचा कालवा.

"आई, नेहमीचं ओरड. आधी फक्त 'कापते हं' म्हण."

"काय कापू?"

"म्हण गं तू."

लेकीने मानही वळवली नाही. "कापते हं! कोणाचं काही राहिलंय का?"

झालं. तेव्हापासून बुधवारी साडेतीनला दहा जणांच्या कॉम्प्युटरमधून माझी लेक ओरडायला लागली. हाकेबरोबर पडद्यावर एक बटण यायचं, 'थांबा'. ते दाबलं तर दहा मिनिटं थांबायचं आणि परत हाक. कोणीच दाबलं नाही तर कापून मोकळं.

"कितीदा दाबायचं, त्याला काही मर्यादा?" चष्मेवाल्याने फोनवर विचारलेलं मी ऐकलं आहे.

"शहाण्या माणसांना मर्यादा कशाला?" खारू म्हणाली.

३

लेक गेली त्याला कारण म्हटलं तर खोकला. अंगावर काढला. पोरं दिवसभर शिंकतात, त्यातलंच असेल म्हणत राहिली. मग एका सकाळी ओठ निळे दिसले. स्ट्रेचरवर घालून नेताना माझ्याकडे बघून म्हणाली, "आयांना फोन कर. उद्या सुट्टी म्हणावं."

दवाखान्यात आत सोडत नव्हते. काचेतून दिसायची, तोंडावर ते नळीचं झाकण. खारू काचेला कपाळ लावून उभी राहायची. तिला आईला काहीतरी सांगायचं होतं. काय, ते तिने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नर्स म्हणायची, "उद्या बरं वाटेल त्यांना, मग बोला." उद्या आम्हाला बोलावलं ते सामान न्यायला.

पोरं यायची थांबली. बाहेरच्या खोलीत भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर खुंट्या आहेत, पोरांच्या दप्तरांसाठी. दोन मोठ्या बायकांच्या घरात तेवढ्या खाली काय टांगणार? तशाच राहिल्या.

आणि मग तो बुधवार आला. आमच्या दोघींच्या ध्यानीमनी नाही. मी चहा गाळत होते, सवयीने तीन कप घेतलेले, एक परत ठेवणार तेवढ्यात मधल्या खोलीतून हाक आली.

"कापते हं! कोणाचं काही राहिलंय का?"

मी "आले, आले" म्हणाले. खरंच म्हणाले. मग गाळणं हातात तसंच धरून खाली बसले.

चष्मेवाल्याचा लगेच फोन. "आमच्या लक्षातच आलं नाही. आवाज काढून टाकू का?"

"नको," खारू म्हणाली. "काढू नका."

४

जुना फ्रिज लेकीच्या पाठोपाठ गेला. त्यालाही करमलं नसेल. नवा आणला तो शहाणा निघाला. दार नीट लागलं नाही की टिंग टिंग करतो, आणि लावेपर्यंत पिच्छा सोडत नाही. लेकीने हा फ्रिज पाहिलेला नाही, एवढं ध्यानात ठेवा.

पुढच्या एका बुधवारी हाक आली. "कापते हं!" आवाज तोच. पण मागे पोरांचा कालवा नव्हता. घर रिकामं असलं की आवाज जसा घुमतो, तसा घुमत होता. आणि त्यात, अगदी बारीक, टिंग टिंग टिंग.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. फ्रिजचं दार घट्ट लागलेलं होतं. तरी दाबून पाहिलं.

म्हटलं, बये, वय झालं. कान आता हवं ते ऐकतात. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्याने आत दिवा घालून बघितलं, मळ काढला आणि म्हणाला, "आजी, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत." पैसे देऊन काळजी विकत घेतली म्हणायची.

त्यानंतरच्या बुधवारी मी टेबलापाशीच जाऊन बसले. खारू माझ्याकडे बघत होती. हाक आली. मागे रिकामं घर. टिंग टिंग. आणि हाक संपल्यावर, तोंड दुसरीकडे वळवून बोलावं तसं हळूच, "अगं, दार लावा कोणीतरी."

खारूने माझा हात धरला. तिचा हात गार होता, पण चेहरा... कित्येक महिन्यांत मी तो चेहरा पाहिला नव्हता.

"तुलाही ऐकू आलं ना, आजी?"

"तुला कधीपासून?"

"मागच्या खेपेपासून. मला वाटलं, मीच."

तिने कॉम्प्युटरमधली जुनी हाक काढून मला ऐकवली. त्यात पोरं होती, कालवा होता, कोणीतरी बाटलीसाठी भोकाड पसरलं होतं. जशीच्या तशी. "ही नुसती वाजवली की जुनीच वाजते," खारू म्हणाली. "बुधवारीच फक्त..." तिने चष्मेवाल्याला फोन लावला, इकडचं तिकडचं विचारत मध्येच म्हणाली, "आजची हाक कशी आली रे तुझ्याकडे?"

"कशी म्हणजे? नेहमीसारखी. पोरं रडतायत, काकू ओरडतायत. का गं?"

"काही नाही."

५

त्यापुढच्या बुधवारी खारूने 'थांबा' दाबलं.

"एकदाच, आजी. परत ऐकू. एकदाच."

आम्ही दोघी दहा मिनिटं हललो नाही. चहावर साय आली. मग हाक आली, आणि पहिल्यासारखी नव्हती. "कापते हं. कोणाचं राहिलंय?"

खारूने परत दाबलं. परत दहा मिनिटं.

"अगं, कोणाचं राहिलंय? सांगा तरी."

खारू हसायला लागली. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि हसत होती. टेबलावर वाकून, लहान मुलीसारखी म्हणाली, "माझं राहिलंय, आई. थांब ना."

असं कोणाशी बोलायचं नसतं, हे मला कोणी शिकवलेलं नाही, पण पाठीला कळलं.

मग त्या छोट्याशा स्पीकरमधून, पोराची समजूत घालताना म्हणायची तसं, "बरं."

त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत खारू दाबत राहिली. शेवटी ऑफिसातून फोनांवर फोन आले तेव्हा तिने हात मागे घेतला आणि कापलं गेलं. त्यानंतर तिचे मधले तेरा-चौदा दिवस म्हणजे नुसतं वाट बघणं. केस विंचरायची नाही. मैत्रिणीचे फोन उचलायची नाही. ताटावर बसून भाताची शितं मोजल्यासारखी करायची. बुधवारी मात्र सकाळीच न्हायची, धुतलेले कपडे घालायची. 

मी म्हटलं, "खारू, तुला जे सांगायचं होतं ते सांगून टाक ना तिला. ऐकतेय तर सांग."

ती बराच वेळ नखं बघत बसली.

"सांगितलं की संपलं, आजी. मग थांब कशासाठी म्हणू?"

६

आता जे लिहायचं ते लिहिताना हात जड होतो.

पुढच्या बुधवारी पाचव्या की सहाव्या हाकेला लेक खोकली.

मी त्या खोकल्याला ओळखते. मी तो ऐकत रात्री काढल्या आहेत. आधी कोरडा, मग आत काहीतरी सुटल्यासारखा, आणि शेवटाला श्वास ओढताना शिट्टी. खारूनेही ओळखला. तिचं बोट बटणावर अडलं. क्षणभर वाटलं, सोडेल. तिने दाबलं.

पुढची हाक धाप लागलेली आली. "कापते... हं." त्याच्या पुढची नुसती "कोणाचं?" एवढीच. जेवढं थांबवावं तेवढं तिला त्या शेवटच्या दिवसांकडे ढकलल्यासारखं होत होतं. आणि तरी ती दर दहा मिनिटांनी येऊन विचारत होती, कारण कोणाचं तरी राहिलं होतं.

पाळणाघरात एखाद्या पोराच्या आईबापांना उशीर व्हायचा. बाकीची पोरं गेलेली, हे एकटंच. तेव्हा लेक त्याला कडेवर घेऊन दारात उभी राहायची. एक तास, दीड तास. मी म्हणायचे, अगं टेक जरा, पाय दुखतील. ती म्हणायची, "बसले ना आई, तर त्याला वाटेल आता कोणी येत नाही."

मला रात्रीची झोप लागेना. डोळे मिटले की ती मला उभी दिसायची. कुठे, ते दिसत नव्हतं. नुसती उभी. पायांवर सूज आलेली.

मी खारूला विनवलं. चिडले. एकदा कॉम्प्युटरची वायर ओढून काढली, तर म्हणाली, "ते इथे चालत नाही, आजी. हे घर बंद पडलं तरी ते वेळेवर चालतं. मीच तसं केलंय."

"मग बटण दाबू नकोस."

"तू तिची आई आहेस ना?" ती ओरडली. "तुला कशी ती नकोशी झाली?"

मी भाजी निवडत बसले. निवडलेली आणि टाकायची, दोन्ही एकाच भांड्यात टाकत होते.

७

आज तो बुधवार आहे म्हणून मी सकाळपासून घाबरलेली होते. साडेतीनला हाक आली, खारूने दाबलं. पुन्हा हाक, पुन्हा दाबलं. उन्हं खिडकीतून भिंतीवर चढली आणि भिंतीवरून गेली.

ऑफिसातल्या मोठ्या बाईंचा फोन आला. खारूने तो टेबलावर उघडाच ठेवला. बाई वाईट नाहीत, पण आज त्यांचा आवाज चढलेला होता.

"उद्यापासून नवे दर आहेत. आज कापलं नाही तर सकाळी एकही यंत्र चालणार नाही. 'थांबा' कोण दाबतंय?"

"मी."

"तुझं काय राहिलंय एवढं?"

खारू पडद्याकडे बघत राहिली.

"हे बघ, मी तुझ्या आईच्या वेळेला खूप सांभाळून घेतलं. आज कापलं नाही तर उद्यापासून तू या कामावर नाहीस."

"नसेन," खारू म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढची हाक शब्दांची नव्हती. नुसता श्वास, आणि शिट्टी. खारूचा हात बटणाकडे गेला. माझ्यात कुठून बळ आलं माहीत नाही. मी तिची दोन्ही मनगटं धरली, ओढली आणि माझ्या मांडीत दाबून धरली. ती सुटायला बघत होती. पंचविशीची पोर, पण खाल्लेलं नाही, झोपलेली नाही. मी सोडलं नाही.

"सांग तुझं काय ते! आत्ता सांग, नाहीतर सोड तिला."

"नाही."

"खारू, तिचे पाय दुखतायत गं."

"दहाच मिनिटं. आजी, दहाच."

खारूची पाठ स्वयंपाकघराकडे होती, माझं तोंड. संध्याकाळ झाली होती, दिवा लावलेला नव्हता. दारातून ओट्याचं टोक दिसतं, तेवढंच. आणि त्या टोकाशी मला एक कोपर दिसलं.

बाकी काही दिसलं नाही, भिंतीआड होतं. कोपर तेवढं पुढे-मागे हलत होतं, चिरताना हलतं तसं. सुरीचा आवाज नव्हता. कोपरावर गुळगुळीत गुलाबी डाग होता. पाच वर्षांची असताना तिचं कोपर गरम इस्त्रीला लागलं होतं, मी तो हात पाण्यात धरून तासभर बसले होते. ते कोपर मी कुठेही ओळखेन.

आवाज टेबलावरून आला नाही.

"आई, कोणाचं काही राहिलंय का?"

श्वास नीट होता. खोकला नव्हता. मान न वळवता विचारावं तसा आवाज, घरातला. माझ्या सगळ्या अंगाला उठून तिकडे जायचं होतं. नऊ पावलं असतील. मला तिचं तोंड बघायचं होतं. उठले असते तर खारूचे हात सुटले असते.

"नाही गं," मी म्हणाले. "कोणाचं काही राहिलेलं नाही. तू काप."

कोपर हलायचं थांबलं.

"तुझंही?"

मी देवाधर्माची फार नाही, पण खोटं बोलायची मला भीती वाटते. लहानपणापासून. बोलले की जीभ कोरडी पडते.

"माझंही नाही," मी म्हणाले. "सगळं झालं माझं. जा."

ओट्याच्या टोकाशी मग ओट्याचं टोक तेवढं उरलं. टेबलावरच्या कॉम्प्युटरने, कापून झालं की वाजवतो ती बारीक घंटी वाजवली. फोनवर धडाधड निरोप यायला लागले. चष्मेवाल्याने उत्साहात एक बोलका निरोप पाठवला, तो आपोआप वाजला, "कापलं एकदाचं! जिंकलो रे!"

मी हात सोडले. खारूच्या मनगटांवर माझी बोटं उठली होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

"तू खोटं बोललीस तिच्याशी."

"हो."

"तिला कळलं असेल."

"कळलंच असेल. कळलं म्हणून गेली."

खारू उठली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली, उंबऱ्याला पायाची बोटं लावून. आत काळोख झाला होता. मग ती बोलायला लागली. दवाखान्याच्या काचेशी जे राहिलं होतं ते, पहिल्यापासून, एकेक शब्द, घाई न करता. मी ते सगळं ऐकलं. ते इथे लिहायचं नाही, ते माझं नाही.

बोलून झाल्यावर ती तशीच उभी राहिली, मान जरा तिरकी करून, पलीकडून कोणी काही म्हणेल म्हणून. मीही श्वास धरून बसले होते.

पलीकडून कोणी काही म्हणालं नाही.